घर खाली करण्याचा तगादा आणि म्हाताऱ्या भाडेकरूची प्रकृती

पायावर सूज आली आहे आणि रात्री आडवे पडले की दम लागतो, अशी तक्रार घेऊन वयस्कर माणूस आला की डॉक्टरच्या मनात हृदय, मूत्रपिंड, रक्तदाब असा विचार सुरू होतो. तो व्हायलाच हवा. पण अचलपूर-परतवाड्यात इतकी वर्षे व्यवसाय केल्यावर मला आणखी एक प्रश्न विचारायची सवय लागली आहे. 'काका, घरी संडास कुठे आहे? तिथे तुम्हाला केव्हाही जाता येते का?' प्रश्न ऐकून पुष्कळ जण हसतात. काही जण मात्र खाली पाहतात आणि गप्प बसतात. जे गप्प बसतात त्यांच्याकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

एका गृहस्थांची हकीकत सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वय पंचाहत्तरच्या पुढे. जुन्या वाड्यात मागच्या बाजूला टिनाचे छप्पर असलेल्या दोन खोल्या, तिथे नवरा-बायको सुमारे चाळीस वर्षांपासून भाड्याने राहत होते. हृदय कमजोर, पण औषधांवर तीन वर्षे प्रकृती अगदी ठीक. मग एकाएकी पाय सुजले, रात्री बसून राहावे लागू लागले. औषधे तपासली तेव्हा कळले, की लघवी जास्त होण्याची गोळी (फ्युरोसेमाइड) त्यांनी आपल्या मनाने बंद केली होती. का, असे विचारले तर म्हणाले, "डाक्टरसाहेब, ते गोळी घेतली का दर अर्ध्या घंट्यानं जा लागते. अन् संडासले कुलूप लावलं त्यायनं. मंग मी गोळीच सोडली."

म्हातारे मालक वारल्यावर मुलाला वाडा पाडून नवे बांधकाम करायचे होते. नोटीस नाही, दावा नाही. आधी अंगणातला दिवा काढला, मग नळाची वेळ कमी झाली, मग सामाईक संडासाला रात्रीचे कुलूप लागले आणि पुढे दिवसाचेही. कोणी हात उगारला नाही की शिवी दिली नाही. तरीही एका माणसाच्या फुप्फुसांत पाणी साचले आणि त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. घरभाड्याच्या वादाचा आरोग्याच्या सदराशी काय संबंध, असे ज्या वाचकांना वाटत असेल त्यांच्यासाठी एवढा संबंध पुरे आहे.

वृद्धांच्या छळाकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष तसे उशिराच गेले. १९७५ साली इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकांत याविषयीची पहिली टिपणे आली आणि तेव्हापासून डॉक्टर हा शब्द रोगाच्या भाषेत वापरू लागले. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे घरी राहणाऱ्या साठीपुढील दर सहा माणसांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कुठल्या ना कुठल्या प्रकारच्या छळाला तोंड द्यावे लागते. आपल्या देशात २०१७-१८ मध्ये वृद्धांची जी मोठी पाहणी झाली, तिच्यात सुमारे पाच टक्के ज्येष्ठांनी मागील वर्षात आपल्याला वाईट वागणूक मिळाल्याचे सांगितले. आपल्याकडे घरातली गोष्ट बाहेर सांगायची रीत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा कसा वाचायचा ते वाचकांनीच ठरवावे.

या व्याख्येत एक अट असते. ज्या नात्यात विश्वासाची अपेक्षा आहे, त्या नात्यातला छळ तो हा. मुलगा, सून, पुतण्या, घरी ठेवलेला माणूस हे त्यात सहज बसतात. घरमालक बसतो का? मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतीत कदाचित बसणार नाही. पण आपल्या पुऱ्यांतल्या जुन्या वाड्यांत मालकाच्या मुलीच्या लग्नात भाडेकरूने पंगतीत वाढलेले असते आणि भाडेकरीण बाळंत झाली तेव्हा मालकिणीने शेक-शेगडी पाहिलेली असते. चाळीस वर्षांच्या अशा शेजारानंतर नळाचे पाणी तुटते तेव्हा त्या माणसाचा नुसता नळ तुटत नाही. माझ्या मते हे नाते व्याख्येत बसते.

पाणी, वीज, संडास

तरुण माणसाचा संडास बंद केला तर तो चिडेल, भांडेल, मित्राकडे जाईल. म्हातारा माणूस पाणी प्यायचे बंद करतो. आडबाजूला जावे लागू नये म्हणून तो दुपारनंतर घोटभरही पाणी घेत नाही. त्यातच वाढत्या वयात तहानेची जाणीव मंद होते आणि मूत्रपिंडाची पाणी राखून ठेवण्याची ताकद कमी होते. म्हणजे शरीराला पाण्याची गरज असते तेव्हा ते मागतही नाही आणि असलेले धरूनही ठेवत नाही. अशा शरीरात पाण्याचा तुटवडा तरुणापेक्षा फार लवकर होतो. रक्तदाब उतरतो, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मलावरोध होतो. स्त्रियांत लघवीच्या मार्गाचा जंतुसंसर्ग वाढतो. प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषाने लघवी बराच वेळ दाबून धरली तर ती पुढे मुळीच उतरत नाही आणि नळी घालण्याची वेळ येते.

गोळी बंद करणे हा दुसरा मार्ग. वर सांगितलेल्या गृहस्थांनी तेच केले. रक्तदाबाच्या कित्येक रुग्णांना लघवी वाढवणारे औषध दिलेले असते आणि ते सोडल्याचे रुग्ण आपण होऊन सांगत नाहीत. डॉक्टरला वाटते औषध कमी पडले. तो मात्रा वाढवून देतो. रुग्ण ती वाढीव गोळीही घेत नाही. कुलूप मात्र जागच्या जागी असते.

तिसरा मार्ग म्हणजे पहाटे अंधारात बाहेर जाणे. जिन्याचा दिवा काढलेला, अंगणात विटांचा ढीग टाकलेला, हाती बॅटरी असेल-नसेल. या वयात हाडे ठिसूळ झालेली असतात आणि विशेषतः बायकांत साधे पडणेसुद्धा मांडीच्या हाडाचे खुब्याजवळचे टोक मोडायला पुरते. खुबा मोडलेला वृद्ध माणूस शस्त्रक्रिया वेळेवर झाली तरी बरेचदा पूर्वीसारखा चालू शकत नाही. अंथरुणाला खिळला तर पाठीला जखमा, फुप्फुसाचा दाह, पायातल्या शिरेत रक्ताची गाठ ही संकटे मागोमाग येतात. कागदावर याला 'अपघात' म्हणतात.

आता विजेचे पाहू. वऱ्हाडातला उन्हाळा वाचकांना मी सांगायला नको. मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो तेव्हा टिनाखालच्या खोलीत काय होते, ते त्या खोलीत राहणाऱ्यालाच ठाऊक. आपल्याकडची हवा कोरडी असल्याने कूलर चांगले काम करतो आणि मध्यम वर्गातल्या वृद्धांना उन्हाळ्यात जगवणारे खरे यंत्र तेच आहे. नुसता पंखा चाळीस अंशांच्या पुढे उपयोगाचा राहत नाही. तो भट्टीतली हवा अंगावर फेकतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये म्हाताऱ्या माणसाच्या खोलीची वीज तोडणे आणि जानेवारीत तोडणे या दोन गोष्टी मी सारख्या धरत नाही.

१९९५ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतल्या शिकागो शहरात चार-पाच दिवस उष्णतेची लाट आली आणि सातशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले, घराबाहेर न पडणारे वृद्ध फार होते. एका खोलीच्या भाड्याच्या जागेत राहणारे आणि चोराचिलटांच्या भयाने खिडक्याही न उघडणारे पुष्कळ होते. मागाहून जो अभ्यास झाला त्यात दिसले, की ज्यांचे कोणाकडे जाणे-येणे होते ते अधिक वाचले. घर खाली करवून घेण्याच्या खटपटीत नेमके हे जाणे-येणेच आधी तोडले जाते. पाहुण्यांना दारातून परत पाठवतात, घरकाम करणाऱ्या बाईला धाक घालतात, डबा देणाऱ्याशी भांडण काढतात. म्हातारा माणूस एकटा पडला की तो लवकर कंटाळून निघून जाईल, असा हिशेब असतो.

उन्हाच्या दिवसांत अशा माणसाचे अंग तापलेले असून तो असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात समजावा. घाम येत असला तरी फसू नये. वाट न पाहता अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, काखेत व मानेवर थंड पाण्याच्या घड्या ठेवाव्यात आणि १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णालयात न्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.

इन्शुलिन घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. वीज गेली की फ्रिज बंद. वापरात असलेली बाटली मातीच्या लहान मडक्यात ठेवावी आणि ते मडके ओल्या वाळूत किंवा पाण्याच्या परातीत ठेवावे. बाटली पाण्यात बुडू देऊ नये. खोलीतल्या हवेपेक्षा आत बऱ्यापैकी गारवा राहतो. न उघडलेल्या बाटल्या मात्र शेजाऱ्याच्या किंवा औषधाच्या दुकानदाराच्या फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

अंगठा केव्हा घेतला?

एका आजीबाईंना दवाखान्यात आणले तेव्हा त्या दोन दिवसांपासून भ्रमिष्टासारख्या वागत होत्या. रात्री जागायच्या, दिवसा गुंगीत असायच्या, मेलेल्या बहिणीशी बोलायच्या. आणणाऱ्याने सांगितले, "आता वय झालं, डोकं गेलं." तपासणीत लघवीचा जंतुसंसर्ग आणि रक्तातले सोडियम कमी निघाले. उपचार केल्यावर पाच-सहा दिवसांत आजीबाई पूर्ववत झाल्या. याला वैद्यकीय भाषेत डेलिरियम म्हणतात. म्हातारपणच्या स्मृतिभ्रंशाहून तो निराळा. स्मृतिभ्रंश महिन्यां-वर्षांनी चढतो. डेलिरियम तासां-दिवसांत येतो, चढउतार होतो आणि कारण सापडले तर बहुधा ओसरतो. घरच्यांनी एवढा एक फरक जरी ध्यानात ठेवला तरी पुष्कळ म्हातारी माणसे 'वेडी' ठरण्यापासून वाचतील.

पुढे घडले ते असे. त्या दोन दिवसांत खोली स्वखुशीने सोडत असल्याच्या कागदावर आजीबाईंचा अंगठा घेतला गेला होता. शुद्धीवर आल्यावर त्या विचारू लागल्या, "मी कधी कागद करून देल्ला बा?" अंगठा घेताना घरमालकाबरोबर त्यांच्या नात्यातला एक जणही हजर होता आणि त्याला त्याबद्दल पैसे मिळाले होते, असे नंतर कानावर आले. भाडेकरूच्या छळात परका मालक आणि आपला नातेवाईक हातात हात घालून असतात, हे मी एकदाच पाहिलेले नाही.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे करार करणारा माणूस त्या वेळी सुज्ञ मनःस्थितीत असावा लागतो. म्हणून तापात, गुंगीत, रुग्णालयातून घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी किंवा झोपेची गोळी दिल्यावर कोणताही कागद करू नये, करू देऊ नये. घाई असेल तर कशाची आहे ते विचारावे. झालाच असेल तर त्या तारखेच्या आसपासची दवाखान्याची चिठ्ठी, रक्तलघवीचे अहवाल, दाखल झाल्याचा कागद यांपैकी एकही फेकू नये. सोडियमचा एक आकडा आणि त्यावरची तारीख वकिलाला फार उपयोगी पडते.

डेलिरियमचे आणखी एक कारण म्हणजे जागा बदलणे. डोळ्यांनी अधू माणसाला आपल्या खोलीतला उंबरठा, खुंटी, मोरी हाताने माहीत असते. चाळीस वर्षांत त्याचे घर त्याच्या पायांना पाठ झालेले असते. त्याला एका दिवसात उचलून तिसऱ्या मजल्यावरच्या, टाइलच्या गुळगुळीत फरशीच्या खोलीत नेले, की तो पडतो, रात्री दार शोधत फिरतो, जेवण टाकतो. घर सोडणे भागच असेल तर नवी जागा जमिनीलगत, संडास खोलीजवळ आणि शक्यतो त्याच वस्तीत असावी. आधी दोन-चार वेळा त्याला तिथे नेऊन बसवावे. त्याचाच पलंग, त्याचीच दिशा, उशाशी तोच तांब्या ठेवावा. पावसाळ्यात आणि कडक उन्हाळ्यात स्थलांतर टाळावे. हवामानाचा विचार न्यायालयांनीही केलेला आहे. मुंबईच्या पदपथांवरील झोपडीवासीयांच्या प्रसिद्ध खटल्यात (ओल्गा टेलिस, १९८५) सर्वोच्च न्यायालयाने पालिकेची बाजू पुष्कळ अंशी मान्य करूनही झोपड्या पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, काढू नयेत असे सांगितले होते.

मालकाची बाजू

वाचकांपैकी काही जण घरमालक असतील आणि हा लेख एकतर्फी चालला आहे असे त्यांना वाटेल. तेव्हा त्यांचेही म्हणणे मांडतो. कित्येक वाड्यांचे मालक स्वतः म्हातारे आहेत. साठ-सत्तर रुपये भाडे येते, त्यात एक कवेलूसुद्धा बदलत नाही. मुलाचे लग्न ठरले आणि घरात खोली नाही, ही अडचण खोटी नसते. एका विधवा मालकिणीचा रक्तदाब भाडेकरूच्या आडमुठेपणामुळे चढलेला मी पाहिला आहे. तिच्या अंगणात म्हशी बांधून भाडेकरू वर तिलाच दम देत होता. छळ करणारा नेहमी मालकच असतो असे नाही.

पण मालकाला जागा हवी असेल तर तिचा रस्ता कायद्याने आखून दिला आहे. विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत-वऱ्हाड भाडेनियंत्रण आदेश होता. भाडेकरूला नोटीस देण्याआधी मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागे. जुनी माणसे अजूनही 'रेंट कंट्रोलरकडे जाऊ' म्हणतात ते त्यामुळे. ३१ मार्च २००० पासून सबंध राज्याला महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला आणि हे दावे दिवाणी न्यायालयात आले. स्वतःची खरी गरज, इमारत पाडून बांधणे, जागेचे नुकसान, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, जागा विनाकारण बंद ठेवणे अशा कारणांवरून मालक ताबा मागू शकतो. स्वतःच्या गरजेचे कारण दिल्यास, घर दिल्याने कोणाची अडचण अधिक होईल हेही न्यायालय तोलते. भाडे दर वर्षी चार टक्के वाढवण्याची मुभा आहे. थकलेल्या भाड्यासाठी लेखी नोटीस देऊन नव्वद दिवस थांबावे लागते. रस्ता लांब आहे, हे मान्य. पण संडासाचे कुलूप त्या रस्त्यावर कुठेच येत नाही.

उलट या कायद्याच्या कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातले व येण्याजाण्याच्या वाटेवरचे दिवे, सफाई व संडासाची सोय यांपैकी काहीही मालकाने सबळ कारणावाचून तोडणे किंवा अडवणे हा गुन्हा आहे आणि त्याला तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. भाडेकरूने अर्ज केल्यावर न्यायालय चौकशी पुरी होण्याआधीच सोय पूर्ववत करण्याचा अंतरिम हुकूम देऊ शकते. आजारी माणसाच्या दृष्टीने या कायद्यातली ही सर्वांत मोलाची ओळ आहे, कारण निकालाला लागणारी वर्षे त्याच्याजवळ नसतात. विजेबाबत तर २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की वीज ही मूलभूत सोय आहे आणि मालक ना-हरकत देत नाही एवढ्यावरून भाडेकरूला जोडणी नाकारता येत नाही. जागा ताब्यात आहे की नाही, एवढेच पाहायचे.

जबरदस्तीने सामान बाहेर काढले, कुलूप ठोकले, असे झाले असेल तर सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागण्याचा दावा करता येतो (विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३, कलम ६). सहा महिने म्हणजे फार दिवस वाटतात. दुखण्यात ते कसे निघून जातात ते कळत नाही. ज्यांचा अकरा महिन्यांचा करार आहे त्यांना मुदत संपल्यावर भाडेकरूइतके संरक्षण नाही, पण त्यांनाही बाहेर काढायचे ते सक्षम अधिकाऱ्याच्या हुकमाने, रस्त्यावर भांडी फेकून नव्हे.

ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा कायदा आहे, त्यात हे सारे बसते असा अनेकांचा समज असतो. तो पूर्ण खरा नाही. उपविभागीय अधिकाऱ्यासमोरचे ते न्यायाधिकरण मुले आणि वारस नातेवाईक यांच्याकडून पोटगी मिळवून देण्यासाठी आहे. मालक-भाडेकरूचा वाद तिथे चालत नाही. मात्र त्या कायद्याखालच्या २०१० च्या महाराष्ट्र नियमांत पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, यादी ठेवावी असे सांगितलेले आहे. शेजाऱ्यांनी ठाण्यात जाऊन त्या यादीत नाव घालायला लावावे. शिपाई महिन्यातून एकदा दारात उभा राहिला तरी पुष्कळ गोष्टी होत नाहीत.

डॉक्टरच्या कागदावर काय असावे

इथे माझ्या व्यवसायबंधूंनाही दोन शब्द. अंतरिम हुकूम मागताना वकील विचारतात, 'तातडी काय?' ती तातडी डॉक्टरच लिहून देऊ शकतो. 'प्रकृती ठीक नाही, विश्रांतीची गरज' असल्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही. रोग कोणता, औषध कोणते, त्या औषधाने दिवसातून किती वेळा लघवीला जावे लागते, रुग्ण आधाराशिवाय किती पावले चालतो, जिना चढू शकतो का, कूलर किंवा वाफाऱ्याचे यंत्र का हवे, हे लिहावे. रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह नोंदवावी. बरोबर कोण आले होते आणि रुग्णाशी एकट्याने बोलता आले की नाही, हेही लिहावे. एकट्याने बोलणे महत्त्वाचे आहे. सोबत आलेला माणूसच उत्तरे देत असेल, तर त्याला औषध आणायला बाहेर पाठवावे.

जखमांबाबत सावध असावे. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ होते, हातांवर साध्या धक्क्यानेही जांभळे डाग पडतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर अधिकच. डाग दिसला की मारहाण झाली असे समजू नये. रंगावरून डागाचे नेमके वयही सांगता येत नाही. पण दंडाच्या दोन्ही बाजूंना बोटांचे वळ, मानेवर, कानामागे, छातीवर किंवा पाठीवर डाग, आणि सांगितलेल्या हकिकतीशी न जुळणारी इजा दिसली, तर मोजमाप घेऊन लिहावे. मारहाणीची शंका असेल तर उपजिल्हा रुग्णालयात रीतसर पोलीस प्रकरण म्हणून नोंद करवावी. नोंद केली म्हणजे आपण कोर्टाच्या फेऱ्यांत अडकू, ही भीती मला कळते. पण न नोंदवलेली जखम चार दिवसांत मावळते आणि मग ती झालीच नव्हती असे होते.

अमेरिकेतील न्यू हेवन येथे वृद्धांच्या मोठ्या गटावर तेरा वर्षे लक्ष ठेवून केलेला अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर वृद्धांपैकी चाळीस टक्के तेरा वर्षांअखेर हयात होते. छळाची नोंद झालेल्यांपैकी फक्त नऊ टक्के. वय, रोग, गरिबी यांचा हिशेब वजा केल्यावरही मरणाचा धोका तिप्पटच राहिला. मारहाणीने मेलेले यांत जवळजवळ नव्हतेच. सततचा धाक, तुटलेली झोप, टाकलेले जेवण, सोडलेली गोळी यांचा परिणाम हळूहळू होतो, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

झोप आणि भूक यांविषयी म्हणून आवर्जून विचारावे. रात्री टिनावर दगड पडतात, दारावर थापा पडतात, असे सांगणारा माणूस भ्रमिष्ट आहे असे आधीच ठरवू नये. एखाद्याने रात्री जाऊन खात्री करावी. 'आता जगून काय करायचे' असे वाक्य वारंवार कानी आले तर त्या माणसाला एकटे ठेवू नये आणि लगेच डॉक्टरला दाखवावे. टेलीमानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मानसिक त्रासाबद्दल फोनवर मराठीत बोलता येते.

पुण्या-मुंबईला नोकरी करणाऱ्या मुलांसाठी थोडे व्यवहाराचे. भाडे बँकेमार्फत द्यावे म्हणजे 'भाडे दिलेच नाही' असे म्हणता येत नाही. रोख देत असल्यास पावती मागावी, ती देणे मालकावर बंधनकारक आहे. जुन्या पावत्या, विजेची बिले, रेशनकार्ड यांची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. आई-वडिलांना फोनवर 'कसे आहात' विचारले तर 'ठीक आहे' हेच उत्तर येते. त्याऐवजी आज पाणी किती वाजता आले, रात्री दिवा होता का, सकाळची गोळी घेतली का, असे विचारावे. वकिलासाठी पैसे नसतील तर तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जावे. स्त्रिया आणि अपंग व्यक्ती यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. विधी सेवेचा फोन १५१००, ज्येष्ठांसाठीची मदतवाहिनी १४५६७, आणि दारात दंगा चालू असेल तर ११२. हे आकडे मोठ्या अक्षरांत लिहून पलंगाजवळच्या भिंतीवर लावावेत, चष्मा सापडला नाही तरी वाचता येतील इतक्या मोठ्या. लघवीच्या गोळीची वेळ डॉक्टरला विचारून सकाळची करून घ्यावी. संडास रात्री बंद राहत असेल तर तोडगा निघेपर्यंत खोलीत झाकणाचे भांडे किंवा कमोडची खुर्ची ठेवावी. त्यात कमीपणा नाही. गोळी मात्र सोडू नये.